गौराकाकूचं पाऊल

मे महिन्यात सगळं सोलापूर अंगावर पाणी ओतून घ्यायचं आणि आमची गौराकाकू चादर पांघरून बसायची. येणारे-जाणारे हसायचे. काकू म्हणायची, "हसा की. थंडी मला वाजतीय, तुमाला कशी कळंल?"

आणीबाणीच्या आसपासची गोष्ट ही. शुक्रवार पेठेत आमच्या घरामागं माग चालायचे, बायका मागासाठी सूत गुंडाळून कांड्या भरायच्या. काकू त्यात सगळ्यांत चपळ. मग तिचा चेहरा सुजला, आवाज घोगरा झाला, केस गळायला लागले. कांडी हातात धरूनच डोळा लागायचा. आजी, म्हणजे तिची सासू, तिनं निदान करूनच टाकलं होतं. आळस.

"डागदरला एकदा दाखवू. काय न्हाय म्हणाला, की तसंच यष्टीत बसवून अक्कलकोटला, म्हायेरी."

"चला की अव्वा," काकू म्हणाली. "आळशी निघाले तर तिकीट मीच काढते."

नव्या पेठेतल्या डॉक्टरांकडे आम्ही तिघी गेलो. मला वाटलं, टॉनिक देतील नि संपलं. पण त्यांनी थंडी कधीपासून, पोट साफ होतं का, पाळी कशी येते, सगळं विचारलं. नाडी बराच वेळ धरली, गळा चाचपला, कोपराची खरखरीत कातडी बघितली. मग काकूला खुर्चीवर गुडघे टेकायला लावलं, पावलं मागं लोंबती, आणि टाचेच्या वर रबरी हातोडी मारली. पाऊल झटकन गेलं. परत येताना मात्र इतकं सावकाश, की मध्येच थांबतंय काय असं वाटलं.

"नाटक हाय," आजी म्हणाली.

काकू उतरली. "डॉक्टर, आता ह्यांचं बगा. चढा अव्वा."

"मला काय झालंय?"

"काय न्हाय झालेलं. म्हणूनच चढा."

आजी नऊवारी सावरत चढली. हातोडी बसली. पाऊल टुणकन गेलं नि टुणकन जागेवर.

डॉक्टर म्हणाले, "असं परत यायला पाहिजे. हिची गळ्यातली थायरॉइड ग्रंथी मंद पडलेली दिसतेय. रक्त मुंबईला पाठवू, म्हणजे पक्कं कळेल."

"बगा अव्वा," काकू म्हणाली, "मी ऱ्हायले हितंच. माझं रक्त चाललंय, ते बी मुंबईला."

रिपोर्टही तेच म्हणाला. रोज सकाळी उपाशीपोटी गोळी सुरू झाली. हळूहळू सूज उतरली, चादर सुटली, आणि कांड्या भरण्यात काकू परत सगळ्यांच्या पुढं.

पुढं काही वर्षांनी माझं लग्न झालं. रुखवतात लाडू, चकल्या, आणि मधोमध काकूनं आणलेली एक लाकडी खुर्ची. माझ्या सासूबाईंनी विचारलं, "एकच का हो?"

"एकच पुरती," काकू म्हणाली. "पाळीपाळीनं चढायचं."