निताईदाचं नेट वजन

दवाखान्यातला काटा शंभरापर्यंतच होता. निताईदा त्यावर उभा राहिला, काटा शंभराला जाऊन टेकला आणि तिथंच थरथरत राहिला.

"उतर," मी म्हणालो. "मोडशील."

"मोडला तर कंपनीचा," निताईदा म्हणाला. तो बंगाली मिसळलेलं हिंदी बोलायचा, मी इथं मराठीतच लिहितो.

खिदिरपूरच्या गोदीत एका सरकारी कंपनीच्या दवाखान्यात मी कंपाउंडर होतो. कंपाउंडर म्हणजे डॉक्टरनं लिहिलेलं औषध मोजून, खलात घोटून, बाटलीत भरून, बाटलीला कागदाची पट्टी कापून लावणारा माणूस. माझं शिक्षण सातवी. काम शिकलो बराकपूरच्या लष्करी इस्पितळात. तिथून सुटलो तो गोदीत लागलो आणि कलकत्त्यातच राहिलो.

निताईदा क्रेन चालवायचा. धक्क्यावरची उंच क्रेन, वर पत्र्याची केबिन, तिथं जायला उभी लोखंडी शिडी. काचसामानाची पेटी तो जहाजातून उचलून अशी खाली टेकवायचा की आतल्या गवतालाही कळू नये. पण वर्षाच्या तपासणीत क्रेनवाल्याचं वजन नव्वद किलोच्या आत हवं, असा कंपनीचा नियम. आधीचे डॉक्टर डोळ्यांनीच वजन करायचे. नवे आलेले डॉक्टर मजुमदार काट्याशिवाय काही लिहीत नसत.

मग मी निताईदाला मालाच्या शेडमध्ये नेला. तिथं चहाच्या पेट्या तोलायचा मोठा काटा होता. तोलणाऱ्या बाबूनं त्याला उभा केला, एकशे आठ वाचलं आणि सवयीनं पावती फाडली. नग एक. मार्का नाही. स्थिती चांगली. वजन ग्रॉस एकशे आठ किलो.

निताईदा पावती वाचून खूश झाला. "स्थिती चांगली लिहिलंय," म्हणाला. "बायकोला दाखवतो."

दाखवायला मिळाली नाही. मी ती फाइलला लावली. आमच्याकडं पुराव्याशिवाय फाइल हलत नसे.

आठवड्यात ऑफिसचं पत्र आलं. निताईदा क्रेनला अनफिट. चार महिन्यांची मुदत. तोवर गेटवर ड्यूटी, आणि मुदतीनंतरही वजन तेवढंच राहिलं तर कायमची गेटवर. त्याच्या जागी कायमचा माणूस शोधायलाही लागले.

गेटवर येणारे-जाणारे त्याला विचारायचे, "काय निताईदा, क्रेननं उतरवलं का?" तो हसायचा. पण दुपारी दवाखान्यात येऊन बसायचा आणि खिडकीतून क्रेनकडं बघत राहायचा. "नवा पोरगा पेट्या आपटतोय," म्हणायचा. "आवाज ऐक."

डॉक्टरांनी त्याला गोळ्या लिहून दिल्या. भूक मारणाऱ्या. त्या काळात नव्या होत्या, चौरंगीवरच्या मोठ्या दुकानातच मिळायच्या, आणि महिन्याच्या गोळ्यांना त्याचा पाव पगार जायचा. तेवढं त्याला झेपणारं नव्हतं. घरात खाणारी सात तोंडं.

आता लोक ज्याला हेल्थ इन्शुरन्स म्हणतात, ते आम्हाला ठाऊक नव्हतं. आमच्याकडं मेडिकल रीइंबर्समेंट होतं. बाहेरून औषध घ्यायचं, दुकानाचं बिल आणायचं, त्याला डॉक्टरचा दाखला जोडायचा की हे औषध या रोग्याला लागतंच, आणि क्लेम अकाउंट्सकडं पाठवायचा. पास झाला की कंपनी भरून देते. हे फॉर्म भरून घ्यायचं काम माझ्याकडं. निताईदानं पहिल्या महिन्याच्या गोळ्या उसनवारीवर आणल्या आणि मी क्लेम पाठवला.

क्लेम परत आला. वर दोन ऑब्जेक्शन. ऑब्जेक्शन म्हणजे लाल शाईतली शंका. ती फेडल्याशिवाय कागद पुढं जात नाही.

पहिलं ऑब्जेक्शन: वजन उतरवणं हा उपचार नाही. सबब हे औषध केशतेल, पावडर, टॉनिक यांच्या यादीत पडतं. नामंजूर.

दुसरं ऑब्जेक्शन: पावतीवर वजन ग्रॉस आहे. कर्मचाऱ्याचं वजन नेट धरावं व तसं कळवावं.

गोदीत माल तीन तऱ्हेनं तोलतात. खोक्यासकट ते ग्रॉस. नुसत्या खोक्याचं ते टेअर. आतल्या मालाचं ते नेट. अकाउंट्सच्या साहेबांचा सगळा जन्म मालाच्या पावत्या तपासण्यात गेलेला. त्यांनी निताईदालाही तसाच तपासला.

साहेब म्हणजे दातारसाहेब. पुण्याहून बदली होऊन आलेले. मला वाटलं, आपलाच माणूस आहे, मराठीत बोलू, काम होईल. गेलो.

"साहेब, जरा त्या निताईच्या क्लेमचं."

"बसा, शिंदे. कसे आहात? घरी सगळं ठीक?"

"ठीक आहे. साहेब, तो माणूस क्रेनवरून उतरवलाय. गोळ्या मिळाल्या नाहीत तर कायमचा गेटवर बसेल."

"वाईट वाटतं," साहेब म्हणाले. "पण उद्या माझ्या टेबलावर स्नो-पावडरची बिलं येतील. जाड होणं हा काय आजार आहे?"

मी त्यांच्या पोटाकडं बघितलं. बघायला नको होतं.

"माझ्याकडं बघू नका," साहेब म्हणाले. "मी क्रेनवर चढत नाही. आणि एक सांगतो, तुमच्याऐवजी कुणी बॅनर्जी आला असता तर मी थोडं इकडंतिकडं केलंही असतं. तुम्ही आलात म्हणून तेवढंही करता येत नाही. दोन मराठी माणसं आत बसून काय बोलली, हे सगळ्या मजल्याला कळेल."

"म्हणजे मी मराठी आहे म्हणून निताईचं काम अडलं?"

"नियमानं अडलं. नियमानं सोडवा."

मी तोंडातल्या तोंडात एक शब्द बोललो. पुण्याला बोलत नाहीत तो.

घरी येऊन फाइल पलंगावर आपटली. सुमन म्हणजे माझी बायको. ती होती तोवर मी तिला कधी नावानं हाक मारली नाही, अगं म्हणायचो. आता लिहिताना मारतो, ऐकायला ती नाही. ती कराडची, मॅट्रिक झालेली. इंग्रजी कागद मला ती वाचून दाखवायची आणि चारचौघांत मात्र मीच वाचला असं भासवू द्यायची.

"पहिल्यापासून वाचते," ती म्हणाली.

"पहिलं काय वाचायचंय? लाल शाईचं वाच."

"लाल शाईचं तुम्ही वाचलंत, म्हणून तर असे तोंड पाडून बसलायत."

तिनं खालचा कागद काढला. क्रेनवरून उतरवल्याचं पत्र. बोट ठेवून एकेक ओळ वाचली. मग तीच ओळ परत वाचली.

"अहो, यात काय लिहिलंय बघा. लठ्ठपणाच्या विकारामुळे अनफिट. चार महिन्यांत उपचार घेऊन हजर व्हावे."

"मग?"

"मग काय मग? विकारही यांनीच म्हटलंय, उपचार घ्याही यांनीच म्हटलंय. केशतेल लावून या, असं नाही म्हटलेलं."

मी दोन वेळा वाचायला लावलं. पत्र ऑफिसचंच. पाठवलं होतं वरच्या मजल्यानं, फाइलला मी माझ्या हातानं लावलं होतं, आणि अकाउंट्सनं त्याच्यावरचा कागद वाचून फाइल बंद केली होती. एकाच इमारतीत बसून एकमेकांचं न वाचणारी माणसं. त्यात मीही आलोच.

सुमननं तिथंच इंग्रजीत उत्तर लिहिलं. आठ ओळी. मी म्हणालो, जरा लांब लिही, वजन पडेल. ती म्हणाली, वजन कमी करायचंय ना?

दुसऱ्या दिवशी टेअर काढायला निघालो. निताईदाला पुन्हा शेडमध्ये नेला आणि बूट उतरवायला सांगितले.

"का?"

"तुझं खोकं तोलायचंय."

लोखंडी टोपणाचे बूट, जाड खाकी कपडे, पट्टा, पट्ट्याला अडकवलेला पाना. पावतीवाल्या बाबूनं सगळं तोललं. साडेतीन किलो. निताईदा गमछा गुंडाळून चहाच्या पेट्यांमध्ये उभा होता आणि हमाल त्याच्याभोवती गोळा होऊन आतला माल कुठल्या बागेचा असं विचारत होते. मी लिहिलं: ग्रॉस एकशे आठ, टेअर साडेतीन, नेट एकशे साडेचार. डॉक्टरांनी हसू दाबत सही केली. सुमनचं उत्तर आणि ऑफिसचं पत्र वर लावून फाइल पाठवली.

चौथ्या दिवशी दातारसाहेबांनी बोलावलं. क्लेम पास झाला होता. पुढच्या तीन महिन्यांचेही होतील, म्हणाले.

"पण शिंदे, हे इंग्रजी तुमचं नाही."

"नाही साहेब. घरचं आहे."

"घरी सांगा, माझ्या सेक्शनला अशी माणसं मिळत नाहीत."

सांगितलं. ती हसली नाही, पण त्या दिवशी आमटीला फोडणी जरा सढळ पडली.

गोळ्यांनी निताईदाची भूक मेली. झोपही मेली आणि तोंडाला कोरड पडली. डॉक्टर दर आठवड्याला त्याचं ब्लडप्रेशर बघायचे. पुढं त्या गोळ्या बाजारातून गेल्या, बरंच झालं. माझं मत विचाराल तर निम्मं वजन गोळ्यांनी उतरवलं आणि निम्मं सुमननं. दर रविवारी तो आमच्या क्वार्टरवर यायचा. ती त्याला एक ज्वारीची भाकरी आणि पालेभाजी वाढायची. दुसरी मागितली की म्हणायची, "क्रेन हवी की भाकरी?"

"बौदी, दोन्ही," तो म्हणायचा. बौदी म्हणजे वहिनी.

"मग गेटवर बसा."

बाहेर मात्र तो तेलेभाजाच्या दुकानावरून जाताना रस्ता ओलांडून पलीकडून जायचा. तळणाचा वास तिकडंही येतो म्हणायचा, पण तिकडं विकत मिळत नाही.

चार महिने भरले. आता दवाखान्याचा काटा पुरत होता. निताईदा पूर्ण ड्रेसमध्ये वर चढला. मी वाचलं आणि माझंच तोंड कडू झालं. साडेब्याण्णव.

डॉक्टर चष्मा पुसत म्हणाले, "माणूस चांगला आहे. पण नव्वद म्हणजे नव्वद. मी काय लिहू?"

निताईदा काट्यावरून उतरलाच नाही. "साडेपंधरा किलो गेले बाबू," एवढंच म्हणाला.

मी फाइल उघडली. लाल शाईचं पान काढून डॉक्टरांपुढं ठेवलं. "साहेब, वजन नेट धरायचंय. अकाउंट्सची लेखी ऑर्डर आहे."

डॉक्टरांनी वाचलं. मग इतके हसले की बाहेरचे रोगी आत डोकावले. निताईदाचे बूट, कपडे, पट्टा, पाना पुन्हा उतरवला. काटा एकोणनव्वदवर थांबला.

"कागदाचं झालं," डॉक्टर म्हणाले. "आता शिडीचं."

धक्क्यावर गेलो. निताईदा शिडी चढला, वर केबिनपर्यंत गेला आणि खाली आला. डॉक्टरांनी नाडी बघितली, छातीला नळी लावली आणि तिथंच उभ्या-उभ्या फिट लिहिलं. निताईदानं पाया पडायला वाकून माझे पाय धरले. मी म्हणालो, माझे कशाला, लाल शाईवाल्याचे धर. संध्याकाळी त्यानं एक पेटी खाली टेकवली. मी दवाखान्यात होतो. आवाज आला नाही, म्हणून कळलं की तोच आहे.

मागच्या वर्षी सुमन गेली. निताईदा बराकपूरहून गाडी पकडून आला. रिटायर होऊन वजनानं पुन्हा शंभराला टेकलाय. माझ्या शेजारी बसून म्हणाला, "बौदीनं शेवटपर्यंत दुसरी भाकरी दिली नाही." आम्ही दोघं हसलो. भेटायला आलेल्यांत ज्यांना ते आवडलं नाही, त्यांनी तोंड फिरवलं.

धडा म्हणाल तर एवढाच. ऑफिसनं पाठवलेला कागद फाडू नका. आपल्याला अडवायला लिहिलेला तर जपूनच ठेवा. आणि घरात कुणी खालच्या कागदापासून वाचणारं असेल, तर फाइल पलंगावर आपटू नका, त्याच्या हातात द्या. माझ्याकडं कागद अजून पुष्कळ आहेत.