खळ्यावरचा वाटा

वेठ बंद झाल्याची दवंडी गावात फिरली तेव्हा मी आठ-नऊ वर्षांची होते आणि स्वतःला भलतीच शहाणी समजत होते. वेठ म्हणजे सरकारी माणूस आला की त्याचं ओझं पुढच्या गावापर्यंत फुकट वाहायचं, त्याचं खोगीर फुकट शिवून द्यायचं. आम्ही चामड्याचं काम करणारी माणसं, त्यामुळं हे माझ्या बापाच्या, आबाच्या मानेवर कायमचंच. आता महाराजांनी कोल्हापुरातून हुकूम काढला होता, फुकट राबवून घेईल त्याला शिक्षा. मी लगेच गल्लीत जाहीर केलं की आमचा आबा आता नुसता पान खात बसणार. शेजारणीनं शेण उचलायला सांगितलं, तर कमरेवर हात ठेवून म्हणाले, "हुकूम हाय महाराजांचा. आमी न्हाय उचलत."

आईनं पाठीत धपाटा घातला. "हुकूम मोठ्यास्नी हाय. तू उचल."

माझी वकिली तिथंच आटोपली.

आबाचं खरं काम मोटेचं. थोरल्या मळ्यातल्या विहिरीवर बैलांनी ओढायचा तो चामड्याचा डोल आबा वर्षभर शिवायचा, सांधायचा. त्याचे पैसे कधीच नसत. सुगीत खळ्यावर जोंधळ्याच्या पेंढ्यांचा वाटा मिळायचा, ते बलुतं. वेठ वेगळी, बलुतं वेगळं. आबाला ठाऊक, मळेवाल्यालाही ठाऊक.

त्या सुगीला आबा खळ्यावर गेला. हुरड्याच्या आशेनं मी मागं. मळेवाल्यानं वर बघितलंच नाही.

"अण्णा, वाटा."

"कशाचा रं वाटा? फौजदाराचं ओझं न्यायला बोलावलं तवा आला न्हाईस. कायदा दाखवलास."

"ती वेठ हुती जी. ह्यो माजा हक्क."

"आता रोखीचा कायदा. सांग की, किती झालं तुजं?"

मोटेची किंमत आबानं जन्मात कधी उच्चारली नव्हती. त्याच्या बापानंही नाही. मी हुशार, त्याचं धोतर ओढून म्हणाले, "आबा, शंभर सांग." खळ्यावरची सगळी हसली. आबा माझा हात धरून रिकामा परतला.

महाराजांनी आमच्यासारख्यांनाही वकिलीच्या सनदा दिल्या होत्या. तसा एक तरुण वकील कोल्हापुरात कचेरीजवळ बसायचा. आबा मला घेऊन त्याच्याकडं गेला आणि पायरीवरच टेकला.

"मामा, आत या. सतरंजीवर बसा."

"हितं बरं हाय साहेब."

वकिलानं दोनदा बोलावलं, मग तोच उठून पायरीवर येऊन बसला. "वेठ घेतली असंल तर मी त्याला कोर्टात उभा करतो. पण ह्या वाट्याचा कागद हाय का?"

"कागद कशाला? त्येला ठावं हाय की. गावाला ठावं हाय."

"मग गावातलं कोण साक्षीला येईल?"

आबा पायरीवरून उठला. ज्यांना ठाऊक होतं ती सगळी मळेवाल्याच्या खळ्यावर जेवणारी.

वाट्याशिवाय गावात पोट भरेना. आम्ही कोल्हापुरात आलो आणि आबा एका चपलांच्या कारखान्यात आठवड्याच्या मजुरीवर लागला. मी तर हरखलेच. गावाकडच्या पोरी भेटल्या की रस्त्यावरचे दिवे मीच लावते अशा थाटात बोलायची. आबा घरी आला की भिंतीकडं तोंड करून पडायचा. मला वाटायचं, शहरात माणसाला झोप जास्त येते.

पुढं एका दुपारी मळेवाला गाडी घेऊन कारखान्यात आला. गाडीत गळकी मोट. मी आबाची भाकरी पोचवायला गेले होते. दुसऱ्या कुणी घातलेले टाके आबानं बोटांनी चाचपले आणि उसवायला बसला.

काम झाल्यावर मळेवाल्यानं विचारलं, "किती?"

आकडा कारखानदारानं सांगितला. मळेवाल्यानं पैसे कारखानदाराच्या हातावर ठेवले, पण निघेना.

"सुगीला ये की गड्या. पेंढ्या बाजूला काढून ठेवतो."

"सुट्टी न्हाय मिळत," आबा म्हणाला, आणि पुढ्यातली चप्पल शिवायला घेतली.

संध्याकाळी फडकं आणायला गेले, तर भाकरी त्यात तशीच होती. वाटेत ती मी खाल्ली, चवीनं. दुःख मला नेहमीच फार उशिरा कळायचं.