न बनलेला सर्व्हर

“हळू बोला वैनी, पोरगी तिकडून पाहून रायली...” आतून बाबांचा आवाज आला.

“पाहू द्या की! तिले म्हणा, बाप नुसता भात खाऊन रायला. मी कावून हळू बोलू?” शेजारच्या काकू हसत होत्या.

मी दारात सँडलचा पट्टा सोडत होते, तशीच थांबले. रविवारची दुपार, अकोल्याच्या जुन्या शहरातलं आमचं घर. मी न कळवता आले होते. मग ‘तिकडून’ पाहणारी पोरगी कोण?

आधीच सांगते — माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. आमचं बौद्ध घर. अंगारे-धुपारे बाबांनी कधी उंबऱ्याच्या आत येऊ दिले नाहीत. त्यात माझं कामच कॉम्प्युटरचं. सांगितल्याशिवाय मशीन काही करत नाही, हे मला पक्कं माहीत होतं.

मी अमरावतीला नोकरी करते. आई गेल्यापासून बाबा एकटेच. दिवाळीत त्यांच्या जुन्या पीसीवर लिनक्स टाकलं आणि मला तिकडून त्यांची स्क्रीन दिसावी म्हणून रिमोट डेस्कटॉपचा सर्व्हर बसवायला घेतला. तयार पॅकेज चालेना, म्हणून सोर्स कोडवरून बिल्ड करत होते. configure ही तयारीची पायरी नीट झाली. प्रोग्राम प्रत्यक्ष बनवणारं make मात्र अर्ध्यात एरर देऊन थांबलं... त्याला लागणारी एक लायब्ररी फाइलच नव्हती. बसची वेळ झालेली.

“झालं का माय?” बाबांनी विचारलं.

“हो, झालं. आता मला सगळं दिसेल.”

पुढच्या खेपेला पूर्ण करू, असं ठरवलं होतं. पुढची खेप मी टाळत राहिले.

काकू गेल्या, मी आत आले. बाबा दचकलेच, कॉम्प्युटरकडे बोट दाखवत म्हणाले, “अवं, आत्ता तर तू याच्यात होती!”

स्क्रीनवर त्यांनी टाइप केलेलं होतं — आज भात खाल्ला. गोळी घेतली. बाबा सरकारी कचेरीत मराठी टायपिस्ट होते, बोटं अजून पळतात.

“मी लिहितो, तू बाण हलवते. वर-खाली म्हंजे हो, आडवा म्हंजे नाही. गोळी इसरलो की आडवा फिरतच राह्यते. तुह्या मायवानीच कटकट हाय तुही!”

माउस बिघडला असेल, मला वाटलं. बाबा चहा ठेवायला गेले तेव्हा कमांड द्यायचं टर्मिनल उघडलं. फोल्डर दिवाळीत सोडला तसाच, शेवटी तीच एरर. सर्व्हरची फाइल बनलेलीच नव्हती. कुठलंच कनेक्शन चालू नव्हतं. तरी नेटची वायर काढली, माउसचीही काढून हातात धरली.

बाबांनी चहाचे कप टेबलावर ठेवले आणि उभ्याउभ्याच टाइप केलं — पोरगी घरी आली.

बाण वर गेला. खाली आला. पुन्हा वर... सावकाश, कुणी मान डोलवावी तसा.

या ग्रुपवर लिनक्स जाणणारे बरेच जण आहेत. कुणाला कारण माहीत असेल तर सांगा. मला आजही सापडलेलं नाही.

बाबांनी माझ्या हातातली वायर पाहिली. मग माझ्याकडे.

“मंग इतके दिवस... तूच होती ना?”

हो म्हटलं असतं तर त्यांनी मानलं असतं. त्यांचा चेहरा तेच मागत होता. मी वायर टेबलावर ठेवली.

“नाही बाबा,” मी म्हटलं. “मी नव्हते.”