गणपतीपुढे कायाओचा वेढा

मस्कतला आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवात दरवर्षी एकांकिका व्हायची आणि दरवर्षी त्यात पन्हाळ्याचा वेढा असायचा. सलग तीन वर्षं मी सिद्दीचा पहारेकरी होऊन भाला धरून उभा राहिलो होतो. चौथ्या वर्षी कमिटीला सांगितलं, यंदा नाटक मी लिहितो. वेढाच आहे, पण पेरू देशातला.

हा वेढा मला ऑफिसातल्या शेजारच्या टेबलाकडून मिळाला. तिथे बसणारा इंजिनियर पेरूतल्या कायाओ बंदराचा. चहाच्या वेळी तो गावाबद्दल बोलायचा. एकोणिसाव्या शतकात पेरूच्या स्वातंत्र्याची लढाई स्पेन हरलं, सैन्याने शरणागती पत्करली, पण कायाओच्या किल्ल्यातल्या स्पॅनिश सेनापतीने ती बातमीच खोटी ठरवली आणि दरवाजे लावून घेतले. वर्षाहून जास्त काळ. आत हजारो माणसं. घोडे खाऊन झाले, मग कुत्री, मांजरं, शेवटी उंदीर. मला तो सेनापती फार आवडला. हरलोय हे मान्यच न करणारी माणसं मी आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाहिली होती, पण याच्याकडे तोफा होत्या.

सेनापतीच्या कामासाठी अल मवालेहच्या भाजी मार्केटात सुपरवायझर असलेले वेंगुर्ल्याचे एक काका धरले. गावी दशावतारात त्यांनी राक्षस केले होते. ट्रकमधून कांदे उतरवून घेताना त्यांचा आवाज गेटापर्यंत जायचा. माझी मुलगी सैनिक झाली. तिचं एकच वाक्य, "साहेब, धान्य संपलं." इंग्रजी शाळेची कृपा, पहिल्या तालमीत ती म्हणाली, "साहेब, धान्य फिनिश झाला."

तरी खरी अडचण आली ती उंदरांची. मंडळाचे अध्यक्ष पुण्याचे, बँकेत मोठ्या हुद्द्यावर. त्यांनी संहिता शांतपणे वाचली, चष्मा काढला.

"गणपतीसमोर त्याचंच वाहन खायचं?"

मी म्हटलं, इतिहास आहे. ते म्हणाले, इतिहास असेल, पण समोर मूर्ती आहे. मी उंदरांच्या जागी मांजरं घातली. त्यावर खजिनदार वहिनी रुसल्या, त्यांच्या घरी दोन मांजरं होती. अखेर किल्ल्यातल्या माणसांनी नुसतं "ते" खावं असं ठरलं. ते म्हणजे काय, हे ज्याने त्याने आपल्या श्रद्धेनुसार समजून घ्यायचं.

प्रयोगाच्या आदल्या शुक्रवारी इंजिनियर तालीम बघायला आला. मराठी कळत नसूनही तो शेवटपर्यंत बसला. काका तलवार उपसून गरजले तेव्हा हसला. मग मला बाजूला घेऊन त्याने विचारलं, "यात बायका कुठे आहेत?"

मी म्हटलं, किल्ल्यात बायकांचं काय काम? तेव्हा त्याने चहाच्या वेळी कधीच न सांगितलेलं सांगितलं. अन्न कमी पडायला लागल्यावर सेनापतीने लढता न येणाऱ्यांना दरवाजाबाहेर काढलं. बाहेर वेढा घालून बसलेल्या पेरूच्या सैन्याने सुरुवातीला त्यांना घेतलं, पुढे घ्यायचं बंद केलं आणि गोळ्या झाडल्या. माणसं तटाच्या आणि तोफांच्या मध्ये अडकून मेली. त्याच्या घराण्यातली एक बाई त्यात होती, असं त्याची आजी सांगायची. सेनापती मात्र निशाणं घेऊन सन्मानाने जहाजातून मायदेशी गेला.

घरी येऊन मी तलवारबाजीची दोन पानं फाडली. काका चिडले, कारण ती त्यांची होती. नव्या प्रवेशात माझी बायको आणि तीन वहिनी रंगमंचाच्या मधोमध नुसत्या उभ्या राहणार होत्या. दोन्हीकडून "मागे फिरा" एवढंच ऐकू येणार होतं. संवाद नाहीत म्हणून वहिनी आधी नाराज होत्या. प्रयोगात त्या उभ्या राहिल्या आणि समोशाच्या कागदांचा आवाजसुद्धा थांबला. मी विंगेत होतो. मलाही बायकोकडे बघवेना.

पुढचा प्रवेश शरणागतीचा. काकांनी किल्ल्याच्या चाव्या द्यायच्या आणि पडदा. पण प्रेक्षक गप्प बघून त्यांच्या अंगात दशावतार आला.

"मी किल्लो सोडूचंय नाय!"

दहा मिनिटं ते मालवणीतून स्पेनच्या राजाची बाजू मांडत होते. विरोधी सेनापती अध्यक्ष झाले होते. त्यांनी दोनदा "चाव्या द्या" म्हणून पाहिलं, मग घड्याळ बघून हात जोडले आणि इथले मजूर मालकाला म्हणतात तसं म्हणाले, "अर्बाब, खलास. आरतीची वेळ झाली." चाव्या मिळाल्या. हॉल हसून लोटपोट झाला.

यंदा मंडळाने एकांकिकांची स्पर्धा ठेवली होती, त्यात तीन नाटकं, आमचा तिसरा नंबर आला. इंजिनियरला मी भीतभीत विचारलं, तुला राग नाही ना आला? तो दुसरा मोदक खात होता. म्हणाला, सेनापती शोभला, त्याला बाहेर काढायला खरंच एवढाच वेळ लागला असणार. मग माझ्या बायकोकडे गेला आणि तिचा हात हातात धरून उभा राहिला.