नोएलीनचं विजेवरचं भांडं

मोटुएका गावातल्या, घरी बिअर करणाऱ्यांच्या आमच्या मंडळात चवीला नोएलीन बरिलइतकी जीभ तयार असलेलं माणूस दुसरं नव्हतं. आयुष्यभर शाळेची बस चालवलेली बाई. आरशात पोरांच्या खोड्या हेरता हेरता नजर तिखट झालेली. बिअर ती सेल्विन ट्रिपच्या शेडमध्ये त्याच्याबरोबर करायची. बार्ली किती, कडवटपणासाठी हॉप्सची फुलं कधी टाकायची, हे तिनं ठरवायचं. गॅसच्या शेगड्या आणि पातेली त्याची, उचलाउचलही त्याचीच. बस धुताना पडून नोएलीनचा उजवा खांदा निकामी झाला होता.

त्या वर्षी मंडळाच्या स्पर्धेत त्यांच्या फिकट सोनेरी बिअरला पहिलं बक्षीस मिळालं. बाटलीवर नाव एकट्या सेल्विनचं. कप हातात घेऊन तो म्हणाला, "नोएलीनचेही आभार हं. बाटल्या मात्र झकास धुते."

सगळे हसले. मीही हसलो असेन. नोएलीननं टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी ती शेडमधून आपला थर्मामीटर आणि हॉप्सच्या पिशव्या उचलायला गेली, तेव्हा मी गाडी घेऊन बरोबर होतो.

"अगं, गंमत केली मी," सेल्विन म्हणाला. "आणि जाणार कुठे? ओलं धान्य उचलणार कोण, तुझी मांजर?"

तिनं पिशव्या डाव्या काखेत मारल्या. गाडीत बसल्यावर म्हणाली, "खरं बोलला मेला. म्हणूनच त्याला सोडणार नाही मी."

सगळं एकातच होणारी विजेची भांडी तेव्हा आमच्याकडे घरोघर येत होती. त्यातच पाणी तापतं. आतल्या जाळीच्या डब्यात धान्य मुरतं, पंप तेच पाणी वरून धान्यावर सोडत राहतो, मग डबा वर उचलायचा आणि खालचा रस त्याच भांड्यात उकळायचा. गॅसवाले जुने लोक त्याला चहाची किटली म्हणत. नोएलीन नेल्सन शहरात अडेल कर्स्टनच्या दुकानात गेली. तिथे दोन आकार मांडले होते. तिचा डोळा थेट मोठ्यावर.

"हे घेते," ती म्हणाली. "त्याच्या पातेल्यांपेक्षा मोठं दिसायला हवं."

"दिसायला घेताय की बिअर करायला?" अडेलनं विचारलं.

"डबा उचलून बघू दे."

"रिकामा काय कुणीही उचलेल. थांबा." अडेलनं डब्यात धान्य ओतून भिजवलं. नोएलीननं डाव्या हातानं ओढून पाहिलं, दात आवळले. डबा हलला नाही.

"शिवाय हे घरातल्या साध्या प्लगवर पूर्ण ताकदीनं चालत नाही," अडेल म्हणाली. "वेगळी जाड लाईन ओढून घ्यावी लागते. साध्या प्लगवर तापवणारी कॉइल अर्धीच लावता येते. मग नुसते बुडबुडे येतात, खळाळून उकळत नाही. आणि फिकट बिअर नीट उकळली नाही तर तिला शिजलेल्या मक्याचा वास राहतो."

नोएलीननं त्या मोठ्या भांड्यावरून एकदा हात फिरवला. मग साध्या प्लगवर चालणारं लहान घेतलं. घरी गाडी लावायच्या छपराच्या तुळईला मी कप्पी बसवून दिली. दोरी ओढली की डबा वर. एका हातानं जमत होतं. पहिली खेप जराशी करपली, बारीक पीठ तळाला बसलं होतं. तिनं धान्य जाडसर दळून आणलं, पंप हळू सोडला. पुढची खेप इतकी स्वच्छ उतरली की ग्लासातून समोरचं कुंपण दिसत होतं.

हिवाळ्यात सेल्विन तिच्या फाटकाशी आला. मी कप्पीला तेल देत होतो.

"ऐकलं, किटली घेतलीस," तो म्हणाला. "मीही घेतोय. लहान की मोठं?"

"मला मोठं पेललं नाही," नोएलीन म्हणाली. "तुझे दंड आहेत की."

"मग मोठंच. आणखी काही बघायला लागतं?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. मला दुकानातली सगळी हकिगत तिनं सांगितलेली होती. मी खाली तेलाच्या डब्याकडे पाहिलं.

"नाही रे," ती म्हणाली. "प्लग लाव, बटण दाब."

पुढच्या स्पर्धेत परीक्षकांचे शेरे नेहमीसारखे मोठ्यानं वाचले गेले. सेल्विनच्या बिअरवर लिहिलं होतं, 'मका डब्यातला की ताजा, एवढंच कळलं नाही.' सभागृह हसून लोळलं. नोएलीनची फिकट बिअर पहिली आली. तिनं कप घेतला आणि भाषण केलं नाही.

दाराशी सेल्विननं तिला गाठलं. चेहरा उतरलेला होता. "दुकानात मी काही विचारलंच नाही, अडेलनं आत्ता सांगितलं मला, लाईनचं. तुला माहीत होतं?"

"होतं."

"माझ्या तोंडावर खोटं बोललीस."

"हो. तू माझ्या तोंडावर सगळ्यांसमोर बोललास, मी निदान फाटकाशी बोलले."

तो गेला, आणि मंडळात यायचाच थांबला. मला चुटपुट लागली. एके दुपारी ती धान्य मुरवत होती तेव्हा मी म्हणालो, "बास की आता. म्हातारा एकटा पडलाय."

"मलाही वाटलं होतं, थोडं वाईट वाटेल," ती दोरी खुंटीला गुंडाळत म्हणाली. "वाट पाहिली. नाही वाटलं."

"यंदा स्पर्धेला काय करणार?"

"गव्हाची."

"गव्हाची तर सेल्विनची खासियत. तो येईल त्यासाठी."

"येऊ दे ना," नोएलीन म्हणाली, आणि तिनं पंप चालू केला.