धाकटीनं कुणाचं नाव घेतलं

जळणं काय असतं ते मला ह्याच वर्षी कळलं, आणि तेबी नोकरीत.

मी आरोग्याच्या एका अभ्यासात काम करते. सहावी ते आठवीच्या पोरांना विचारायचं, गुटखा, मारामाऱ्या, मोबाइल, आणि ह्या सगळ्यातून त्यांना वाचवतं काय. त्यातला माझा लाडका प्रश्न: मनातलं सगळं सांगता येईल असं मोठं माणूस तुझ्याजवळ कोण आहे?

लासूर स्टेशनच्या शाळांत जायच्या आधी घरच्या पोरांवर सराव होता. पण आपल्याच घरातल्याला आपण विचारायचं नाय, असा नियम. म्हणून अदलाबदली केली. माझ्यासोबत काम करणारी शहागंजची मैत्रीण आमच्या सिडकोतल्या घरी, माझ्या धाकट्या बहिणीकडं. मी तिच्या भावाकडं.

तिचा भाऊ सातवीत. माझा प्रश्न पुरा व्हायच्या आत म्हणला, "आपा. और कौन?"

आपा म्हणजे त्याची मोठी बहीण, माझी मैत्रीणच. इतकं सहज! रिक्षात माझ्या डोक्यात एकच, माझ्या धाकटीनं माझं नाव घेतलं असंल ना? घेतलंच असणार. रोज वेणी मी घालते तिची.

घरी आले तर दोघी अजून गच्चीवरच. मी केव्हाच उरकून आले, आणि ह्यांचं संपेना. धाकटी चक्क तिच्या खांद्याला टेकलेली. माझ्या अंगाची लाहीलाही.

जिन्यात मैत्रिणीला अडवलं, लई विनवलं. बाकी काय नको, फक्त माझं नाव आलं का तेवढं सांग.

"नाय सांगता येत," ती म्हणली. "तू पण माझ्या भावाचं सांगू नको."

आणि मी तर तेच सांगायला टपलेली! आता तेबी गिळावं लागलं.

पुढं कित्येक दिवस मी तिच्याशी कामापुरतंच बोलले. लासूरच्या शाळेत पोरी तिच्याचभोवती गोळा झाल्या की मी उगाच पेनं मोजत बसायचे. त्यात एका संध्याकाळी शेंगा सोलताना धाकटीनं विचारलं, ती ताई परत कधी येणार? मी फणकारले, माझ्याशी बोल की, मी काय परकी आहे?

"ताई, तू विचारते अन् लगेच उत्तर पण तूच देते. ती नुसती गप बसली होती."

मग मी गप बसले. मला ते जमत नाय, जीभ दाताखाली धरून बसले. बऱ्याच शेंगा सोलून झाल्यावर ती जवळ सरकली आणि हळूहळू सांगायला लागली, शाळेच्या व्हॅनमधल्या मोठ्या पोरी तिला काय ओढायला देतात, नाय म्हणलं की कशा चिडवतात.

ऐकता ऐकता मधेच टोचलं, हे मैत्रिणीनं माझ्याआधी ऐकलंय.

तरी बोलले नाय. पुढची शेंग तिच्या हातात दिली.