तिसरी पातळी

खालच्या मजल्यावरच्या व्यायामकक्षात तिला सगळे पाठीमागे मिरची म्हणायचे, आणि तिला ते पक्कं ठाऊक होतं. लुळ्या पडलेल्या हातापायांकडून पुन्हा काम करून घेणं हा तिचा धंदा. पक्षाघाताच्या रोग्यांना ती पडद्यासमोर खेळ खेळायला लावायची: वरून पडणारी फळं झेला, होडी डावीउजवीकडे वळवा. एरवी ‘नाही हो जमत’ म्हणून कण्हणारे म्हातारे तिथे पोरांसारखे हट्टाला पेटायचे.

घोडं अडलं होतं शब्दांपाशी. प्रत्येक यंत्रवाल्याची तऱ्हा निराळी. एकाची ‘तिसरी पातळी’ खुर्चीत बसून, तर दुसऱ्याची हलत्या फळीवर उभं राहून. सगळीकडे एकच शब्द चालावेत म्हणून रुग्णालयांनी मिळून समिती नेमली होती आणि मिरचीही तिच्यात होती. पण समिती काय करत होती? या खेळांना ‘व्यायामखेळ’ म्हणावं की ‘क्रीडोपचार’, यावर वर्षभर काथ्याकूट! वर चहा-बिस्किटं.

“आधी पातळ्यांचं बघा हो!” ती कडाडायची. “पोर जन्माला यायचंय अजून, आणि तुम्ही नावावरून भांडताय!”

अध्यक्ष डॉक्टर चष्मा पुसत म्हणायचे, “बाई, घाई नको.”

अशाच एका बैठकीत ती अडकलेली असताना खाली गवंडी पडला. दुसऱ्या रुग्णालयातून त्याच दिवशी आलेला माणूस. सकाळीच तो तिला म्हणाला होता, “बाई, मला परत परांचीवर चढायचंय, बाकी काही नको.” त्याच्या चिठ्ठीत होतं: तोलाचा खेळ, तिसरी पातळी. तिथे तो बसून खेळायचा. इथे मिरचीच्या जागी असलेल्या सहकारिणीने चिठ्ठी वाचली आणि त्याला हलत्या फळीवर उभं केलं. खुब्याचं हाड मोडलं. परांचीचं आता विसरा, असं शस्त्रक्रिया करणाऱ्यांनी सांगून टाकलं.

पुढच्या बैठकीला मिरची ती फळी काखोटीला मारून गेली आणि अध्यक्षांच्या पायांपाशी आपटली.

“चढा. तिसरी पातळी.”

“अहो, माझं वय काय...”

“त्यालाही वय होतं! वर त्याची डावी बाजू गेलेली होती!”

साहेब चढले. फळी डगमगली आणि त्यांनी घाबरून तिचाच खांदा धरला. कुणी हसलं नाही. मग मात्र सगळे कामाला लागले. पातळ्यांचे आकडे रद्द. बसून की उभं, आधार धरून की सोडून, हे सरळ शब्दांत लिहायचं ठरलं. जेवायच्या सुट्टीच्या आत सगळं उरकलंसुद्धा. एवढं सोपं होतं ते! याचाच तिला जास्त संताप आला. जिना उतरताना ती स्वतःशीच शिव्या पुटपुटत होती.

गवंड्याची नवी चिठ्ठी तिने स्वतः नेऊन दिली. त्याच्या बायकोने ती मोठ्याने वाचली, “बसून. पाठीला आधार.” मग वर पाहिलं. “एवढंच लिहायचं होतं?”

“हो.”

“मग अडलं कुठे होतं?”



“आम्ही त्याला नाव काय द्यायचं ते ठरवत होतो,” ती म्हणाली.

गवंड्याने भिंतीकडे तोंड फिरवलं.